चिमी परत आली तेव्हा: स्पेनहून आलेल्या एका मुलीच्या संस्थाभेटीचं प्रकरण

आधीच सांगते, ह्यातली नावं बदललीत, गाव सांगणार नाही, संस्था कुठली हे तर अजिबातच नाही. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना विचारून लिहितेय, मुलीलाही विचारलं, तिने एक वाक्य काढायला लावलं ते काढलं. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि मधूनमधून दुभाषी म्हणून जाते. कंपन्यांच्या मीटिंगा, मेडिकलची कामं, असलं सगळं. हे काम त्यातलं नव्हतं हे मला तिथे गेल्यावर कळलं, आधी कळायला हवं होतं.

पार्श्वभूमी

मुलीला रेवा म्हणू. 2011 चा जन्म. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, जन्मल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या आईने तिला संस्थेच्या स्वाधीन केलं. (बाहेरचे लोक अनाथाश्रम म्हणतात, आत काम करणारं कोणीच तो शब्द वापरत नाही, सगळे 'संस्था' म्हणतात, मीही तेच म्हणते.) म्हणजे पाळण्यात सोडून दिलेली नव्हे, कागदावर सही करून दिलेली. हा फरक मोठा आहे, कारण सही करून दिलं की आईबापांना विचार बदलायला 60 दिवस मिळतात, त्यानंतरच मूल दत्तकासाठी मोकळं होतं. रेवाचे साठ दिवस उलटले, कोणी आलं नाही असं फाईल सांगते. मग कारा, म्हणजे दिल्लीचं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, त्यांचं ना हरकत, जिल्हा न्यायालयाचा आदेश (2022 नंतर हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, तेव्हा कोर्टच होतं), पासपोर्ट, आणि 2014 मध्ये रेवा उत्तर स्पेनमधल्या एका लहान गावात पोचली. आई शाळेत शिकवते, बाबा सुतार.

आता लक्षात घ्या, मूल जवळजवळ तीन वर्षांचं होतं. तीन वर्षांचं मूल बोलतं! रेवा मराठी बोलायची. तिकडे गेल्यावर दोन-तीन महिन्यांत ती भाषा पूर्ण गेली, पण तिची आई शहाणी बाई, तिने एक वही केली होती. मुलगी जे काही बोलते ते कानाला ऐकू येईल तसं स्पॅनिश स्पेलिंगमध्ये लिहून ठेवायचं, पुढे कळलेला अर्थ. पाणी, नको, माऊ, दे ना. काही शब्दांपुढे प्रश्नचिन्ह. त्यातला एक शब्द होता 'कादे'. झोपेतून उठून रडताना म्हणायची, कादे, कादे. दोघांनी निष्कर्ष काढला की ही तिला सांभाळणारी कोणीतरी बाई असणार. हळूहळू घरात कादे ही एक व्यक्तीच झाली. वाढदिवसाला 'कादेला आज तुझी आठवण येत असेल' इथपर्यंत.

अडचण काय होती

2023 च्या डिसेंबरमध्ये, शाळेला नाताळची सुट्टी धरून, यायचं ठरलं. मला पहिला मेल आईचा आला. तिला आभार मानायचे होते, संस्थेचे, बायांचे, गावाचे, सगळ्यांचे. बाबांना फाईल बघायची होती, कारण युरोपात मधल्या काळात बरंच काही बाहेर येत होतं. नेदरलँड्समध्ये 2021 ला सरकारी समितीने जुन्या परदेशी दत्तकांमधल्या गैरप्रकारांवर अहवाल दिला होता, त्यावर टीव्हीवर चर्चा, आणि हा माणूस रात्री झोपेना की आपल्याकडचे कागद खरे ना. आणि रेवाने मेलच्या शेवटी स्वतः दोन ओळी टाकल्या होत्या. कादे भेटेल का. आणि तिथे मला कोणी ठेवून घेणार नाही ना.

दुसरी ओळ मी वाचली आणि पुढे गेले. बारा वर्षांची मुलगी, गंमतीत लिहिलं असेल. गंमत नव्हती.

संस्थेकडून मात्र आनंदच आनंद. परदेशातून मूल परत येतंय म्हणजे ट्रस्टींना केवढं वाटतं, आणि ते खोटं नाही, मनापासून असतं. फोनवरच मला सांगितलं, छोटासा कार्यक्रम ठेवू. महाराष्ट्रात 'छोटासा कार्यक्रम' म्हणजे काय हे तुम्हाला माहितीये, स्पेनच्या माणसाला माहीत नाही, आणि समजावून सांगायचं काम माझं होतं. मी फक्त 'दे आर प्लॅनिंग अ स्मॉल वेलकम' टाईप भाषांतर करून पाठवलं.

कादेबद्दल मी विचारलं. अधीक्षिका मॅडमनी जुनी पगारपत्रकं काढली, कदम होत्या, कांबळे होत्या, कादे कोणी नाही.

कोणकोणते पर्याय होते

पहिला म्हणजे यायचंच नाही, अठरा पूर्ण होईपर्यंत थांबायचं. आईची बहीण हेच म्हणत होती. नियम असा की अठरा झाल्यावर व्यक्ती स्वतः काराकडे मूळ शोधासाठी अर्ज करू शकते, त्याआधी दत्तक आईबाबांबरोबर मिळून करावा लागतो, आणि तिसऱ्याच कोणीतरी परस्पर शोध घ्यायला बंदीच आहे. पण इथे शोध घ्यायचा नव्हता, नुसतं घर बघायचं होतं, आणि रेवा वर्षभर मागे लागली होती. थांबवणं म्हणजे तिथे काहीतरी भयंकर आहे असं न बोलता सांगणं, असं आईचं म्हणणं. मला पटलं.

दुसरा, अशा कुटुंबांचे ग्रुप टूर असतात, पाच-सात घरं एकत्र, ताजमहाल वगैरे आणि मधे एक दिवस संस्था. मुलांना आपल्यासारखी दुसरी मुलं भेटतात हा फायदा खरा आहे. पण रेवाच्या संस्थेला जाणारा असा ग्रुप नव्हता, विषय संपला.

तिसरा, एकाच दिवसात उरकायचं. सकाळी गाडीने जायचं, संध्याकाळी पुण्यात परत. बाबांना हे हवं होतं, कमी ताण म्हणून. मी दोन दिवस सुचवले, पहिल्या दिवशी थोडा वेळ, मग हॉटेल, दुसऱ्या दिवशी पाहिजे तर परत. ह्या सगळ्या प्रकरणात माझ्याकडून बरोबर झालेली ही बहुधा एकच गोष्ट, आणि ती पण मी प्रवासाचा कंटाळा म्हणून सुचवली होती.

पहिला दिवस

गेटवर रांगोळी. रांगोळीत वेलकम. आत मांडव घातला नव्हता एवढंच. स्टेजवर पाच खुर्च्या, शाल, श्रीफळ, ट्रस्टींचं प्रास्ताविक आणि समोर सतरंजीवर शेजारच्या बालगृहातल्या वीस-बावीस मुली, तेल लावून घट्ट वेण्या, एकसारखे फ्रॉक. औक्षण करायला जी मुलगी पुढे आली ती रेवाच्याच वयाची, उंचीलाही तेवढीच. तबक धरून उभी. निरांजन वाऱ्याने विझत होतं, ती हाताचा आडोसा करून परत परत सावरत होती आणि रेवाकडे न बघता तिच्या बुटांकडे बघत होती.

रेवाने आईच्या जीन्सच्या खिशात हात घातला आणि बाहेर काढलाच नाही. शाल एका हाताने घेतली. मुलींनी प्रार्थना म्हणायला सुरुवात केली तेव्हा तिने मला हळूच विचारलं बाथरूम कुठे आहे.

पंचवीस मिनिटं ती आत होती. बाहेर भाषणं चालू. मी दाराशी पायरीवर बसले. आतून विचारलं, ह्या मुलींना कोणी का नाही नेलं? मी म्हटलं, बऱ्याच जणींना आई किंवा बाबा आहेत, आजी आहे, घरी परिस्थिती नाही म्हणून इथे राहतात, शिकतात, सुट्टीत घरी जातात, त्यांना दत्तक देता येतच नाही. हे खरंय, अशा घरांमधली बहुतेक मुलं काही अनाथ नसतात. थोडा वेळ शांतता. मग, आणि मला जायला उशीर झाला तर मला पण फ्रॉक देतील?

तेव्हा मला मेलमधली ती ओळ आठवली. ठेवून घेणार नाही ना.

मी बाहेर जाऊन तिच्या बाबांना सांगितलं, त्यांनी दाराबाहेर उभं राहून आपला, तिचा, आईचा असे तीन पासपोर्ट दाराखालच्या फटीतून एकेक करून आत सरकवले. तिघांची परतीची तिकिटं पण. दहा मिनिटांनी ती बाहेर आली, पासपोर्ट तिच्याच हातात. दोन्ही दिवस ते तिच्याच बॅगेत होते.

दरम्यान मोबाईलवर फोटो सुरू होते, ट्रस्टींच्या पुतण्याचा उत्साह दांडगा. मी अधीक्षिका मॅडमना बाजूला घेऊन म्हटलं की आतल्या मुलींचे फोटो असे फिरवायचे नसतात ना, बाल न्याय कायद्याचं कलम 74. त्या म्हणाल्या मला तोंडपाठ आहे, त्यांना कोण सांगणार. दोघींनी मिळून सांगितलं, शेवटी डिलीट झाले. सगळे झाले का, देव जाणे.

आणि पाकीट. बाबांनी हजार युरो पाकिटात आणले होते. हिशेब बघणारे काका पाकीट बघून दोन पावलं मागेच सरले. परदेशी नागरिकाकडून संस्थेने पैसे घ्यायचे तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि नोंदणी असली तरी 2020 च्या दुरुस्तीपासून पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातूनच यावे लागतात. ह्यांची नोंदणी चालू नव्हती. पाकीट परत. बाबांना वाटलं की रक्कम कमी पडली म्हणून नाकारली, ते अजून काढायला लागले, मला हसावं की काय कळेना. हे एका मेलचं काम होतं, मी आधी विचारलंच नव्हतं.

दुसरा दिवस

मी रात्री अधीक्षिका मॅडमना फोन करून म्हटलं उद्या कार्यक्रम नको, चहा पण नको, फक्त तुम्ही आणि आम्ही. त्या पटकन हो म्हणाल्या, त्यांनाही आदल्या दिवशी लाज वाटली होती असं नंतर बोलल्या.

ऑफिसात त्यांनी दाखल रजिस्टर काढलं. रेवाच्या ओळीच्या वर एक कोरा कागद ठेवला, खाली एक कागद आणि वर फूटपट्टी, म्हणजे तिचीच ओळ दिसेल, बाकीच्या मुलांची नाही. शाईचा पेन, वळणदार अक्षर. स्त्री जातीचे बालक. वजन 2 किलो 100. अंगावर पांढऱ्या धोतराचे फडके. गालावर काजळाची तीट.

तीट म्हणजे काय, हे मला तिला समजवायला दहा मिनिटं लागली. दृष्ट लागू नये म्हणून. दृष्ट म्हणजे काय. कोणीतरी जास्तच कौतुकाने बघितलं तर बाळाला त्रास होतो अशी समजूत. म्हणजे मी छान दिसत होते? हो. कोणी लावली? मॅडम म्हणाल्या, बाळ इथे आलं तेव्हाच होती. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. झेरॉक्स देता येत नव्हती, तर रेवाने वही काढली आणि ती ओळ चित्र काढावं तशी उतरवून घेतली, एक अक्षर ओळखत नसताना, वेलांटी सकट.

मग मॅडमच म्हणाल्या, जुन्या एक मावशी आहेत, 2019 ला निवृत्त झाल्या, जवळच्या गावात असतात, जायचंय का. संस्थेच्या सोशल वर्कर ताई बरोबर आल्या.

मावशी दारातच उभ्या. पत्र्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण, कडेला नातसून आणि तिचं दीड वर्षाचं पोर. मावशींनी रेवाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "ए चिमे, लई उंच झालीस की गं." संस्थेत तिला चिमी म्हणायचे हे कुठल्याही कागदावर नव्हतं.

अर्धा तास छान गेला. काय खायची, कशाला घाबरायची, मिक्सरच्या आवाजाला. मग सोशल वर्कर ताईंना फोन आला म्हणून त्या अंगणाच्या टोकाला गेल्या आणि मावशी आवाज बारीक करून मला म्हणाल्या, "ताई, हिची आई आलती दोनदा बघायला. गेटापातुर यायची, आत न्हाई यायची. एकदा मीच नेऊन दावली हिला. म्याडमला ठाव न्हाई. पोरीला नका सांगू."

रेवा माझ्या तोंडाकडे बघत होती. वाक्य लांब होतं, भाषांतर यायला हवं होतं, येत नव्हतं.

ह्या सगळ्या प्रकरणातली खरी वेळ ही, आणि माझ्याकडे तीन-चार सेकंद होते. सगळं सांगून टाकलं तर बारा वर्षांच्या मुलीवर, परक्या अंगणात, खात्री नसलेली गोष्ट टाकली असती, आणि त्या बाईचं गुपित जिने सही करताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल नसेल. नियमात जन्मदात्यांच्या खाजगीपणाला जागा आहे, ती उगीच नाही. काहीतरी खोटं सांगितलं असतं, 'तू खूप हसायचीस म्हणतात', तर कोणालाच कधी कळलं नसतं. दुभाष्याच्या हातात केवढी सत्ता असते बघा, आणि मला ती नको होती. मी रेवाला म्हटलं, मावशी आत्ता जे बोलल्या ते महत्त्वाचं आहे, ते मी लगेच सांगणार नाहीये, आधी तुझ्या आईबाबांशी बोलणार, आज रात्री. खोटं काही सांगणार नाही.

ती चिडली. चिडायलाच हवं. माझ्याबद्दल आहे ना ते? हो. मग माझं आहे. ती उठून अंगणात गेली. मावशींना वाटलं पोरगी आपल्यावर रागावली, त्या रडकुंडीला आल्या, आई गोंधळली, आणि मी चौघांच्या मधे, दोन भाषांत गप्प.

तेवढ्यात ते दीड वर्षाचं पोर नातसुनेच्या पायाला मिठी मारून भोकाड पसरून म्हणायला लागलं, कडे, कडे, कडे.

मी रोज मराठी बोलणारी बाई. तीन महिने मी 'कादे' वाचत होते, पगारपत्रकांत शोधायला लावलं, आणि मला सुचलं नव्हतं, कारण स्पॅनिशमध्ये ड नाही, स्पेलिंगमध्ये द दिसला आणि मी द वाचला. मावशी म्हणाल्या, ही पण अश्शीच, दिवसभर कडेवर, खाली ठेवली की कडे घे कडे घे.

रेवाला सांगितलं. कडेवर घे, म्हणजे उचलून घे. तुला कोणाला तरी हाक मारायची नव्हती, तुला उचलून हवं होतं. मला वाटलं तिला आनंद होईल. तिचा चेहरा पडला. म्हणजे कादे नाहीच? नऊ वर्षं तिच्या डोक्यात एक बाई होती, ती एका मिनिटात गेली. आईला वेगळंच लागलं, ती पुटपुटली, म्हणजे ती रात्री उचलून घ्या म्हणत होती आणि आम्ही तिला त्या बाईच्या गोष्टी सांगत बसलो. मावशींना काहीच कळलं नव्हतं, त्यांनी फक्त पडलेला चेहरा बघितला, पदर खोचला आणि बारा वर्षांच्या, पावणेपाच फुटी मुलीला खरोखरच कडेवर घ्यायला गेल्या. गुडघ्याने दगा दिला, दोघी ओट्यावर बसल्या धप्पकन. तेव्हा कुठे रेवा हसली.

पुढे काय झालं

रात्री हॉटेलात आईबाबांना सांगितलं. बाबा म्हणाले आत्ताच सांगू, आई म्हणाली सोळाव्या वर्षी. मी मत दिलं नाही, एवढंच म्हटलं की तिला माहितीये काहीतरी आहे. सकाळी पोहे खाता खाता त्यांनी सांगितलं, साध्या वाक्यांत, मावशी असं म्हणाल्या, खरं असेल, आठवणीत गोंधळही असेल. रेवाने विचारलं तेव्हा मी केवढी होते. मी मावशींना फोन लावला. रांगायला लागलेली, म्हणाल्या. म्हणजे साठ दिवस कधीच उलटून गेलेले.

अधीक्षिका मॅडमनाही आईबाबांनी सांगितलं, मावशींना आधी कळवून. त्या नाराज झाल्या, स्वाभाविक आहे, पण निवृत्त बाईला काय करणार. त्यांनी नीट समजावलं की पुढे जायचं तर रीतसर एकत्र अर्ज, आणि नाव गुप्त ठेवायला सांगितलेलं असेल तर जन्मदात्रीची लेखी संमती मिळाल्याशिवाय काही नाही. तिने नकार दिला किंवा ती सापडलीच नाही तरी मूल का दिलं ती कारणं सांगता येतात. अर्ज अजून केलेला नाही. रेवा म्हणते मी सांगेन तेव्हा. परतल्यावर महिनाभर ती आईबाबांच्या खोलीत झोपली, शाळेत दोनदा भांडली, तिकडच्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जाते. भेट चांगली झाली का असं लोक विचारतात, मला हो किंवा नाही म्हणता येत नाही.

परत करायचं झालं तर

मुलीच्या त्या दोन ओळींना मी पहिल्यांदा उत्तर दिलं असतं, बाकी सगळ्या मेलच्या आधी. सत्काराला नाही म्हटलं असतं, स्पष्ट मराठीत, ट्रस्टी चार दिवस रुसले असते. देणगीचं आधी विचारलं असतं. मावशींना घरात पाऊल टाकायच्या आधी सांगितलं असतं की मी जे ऐकेन ते सगळं ह्यांना सांगणारे, न सांगण्यासारखं असेल तर मला पण सांगू नका. हे वाक्य आता मी प्रत्येक कामाआधी म्हणते, कंपनीच्या मीटिंगलासुद्धा, लोक विचित्र बघतात. सोशल वर्कर ताईंना फोन बंद ठेवायला सांगितलं असतं. आणि ती वही पुण्यातच मोठ्याने वाचून घेतली असती, आईच्या तोंडून, माझ्या डोळ्यांनी नाही.

वहीतले तीन शब्द अजून कळलेले नाहीत. त्यातला एक 'बोबू' आहे. रेवाच्या सांगण्यावरून मी मावशींना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, त्या टायमाला अकरा पोरं व्हती माझ्याकडं, परत्येकाचा बोबू येगळा."